ओस पडलेल्या चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मांडवात चर्चची कथा कशाला, असे काही वडीलधाऱ्यांच्या मनात आले असेल, आणि ते साहजिकच आहे. परंतु ज्या गावाने दारोदार वर्गणी मागून पडते देऊळ पुन्हा उभे केले, त्या गावाला ओस पडलेल्या वास्तूची गोष्ट परकी वाटू नये. येथे देव जागेवर होता, माणसेही होती, फक्त भिंती थकल्या होत्या. युरोपात अनेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडले. तेथे भिंती चांगल्या पाच-सातशे वर्षे टिकल्या, पण आतली माणसे गेली. कुठे ती राज्यसत्तेने घालवली, कुठे ती आपणहून येईनाशी झाली. मागे राहिली ती उंचच उंच दगडी वास्तू. ती पाडावी तर पूर्वजांची मेहनत मातीमोल होते आणि ठेवावी तर छपराचा खर्च कोणी सोसावयाचा? या पेचातून तेथील लोकांनी जे मार्ग काढले त्यांत काही फार चांगले आहेत, काही मनाला न पटणारे आहेत. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

सुरुवात हॉलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या मास्ट्रिख्ट या गावापासून करू. हे फार जुने, मास नदीच्या काठचे गाव. तेथे डोमिनिकन पंथाच्या साधूंनी मठ बांधला आणि मठाला लागून चर्च. त्या चर्चचे समर्पण झाले ते साल १२९४. म्हणजे इकडे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करीत होता त्या वेळची ही इमारत आहे. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली ती त्यानंतर दोन वर्षांनी. चर्चच्या भिंतीवर १३३७ साली संत थॉमस अक्विनास यांच्या चरित्रातील प्रसंग रंगवण्यात आले. पुढे १६१९ मध्ये वरच्या कमानदार छतावर चित्रे काढली गेली. पाचशे वर्षे तेथे प्रार्थना चालली.

मग १७९४ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी मास्ट्रिख्ट जिंकले. त्या राजवटीचा मठांवर रोष होता. दोनच वर्षांत, १७९६ मध्ये, मठ बंद झाले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. साधूंना बाहेर पडावे लागले. त्यानंतर या वास्तूची जी परवड झाली ती ऐकण्यासारखी आहे. सैन्याने तेथे घोडे बांधले. पुढे ती गावाचे कोठार झाली. कधी प्रदर्शने भरली, कधी संगीताचे कार्यक्रम झाले, कधी कार्निव्हलच्या दिवसांत मुलांचा धुडगूस चालला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्या कमानींखाली गावकऱ्यांच्या सायकली उभ्या असत. सातबाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर कब्जेदाराच्या सदरी नावे बदलत गेली, फेरफारावर फेरफार झाले, आणि पीकपाण्याच्या रकान्यात दरवर्षी काहीतरी वेगळेच लिहिले गेले!

तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घोड्यांनी, गोण्यांनी आणि सायकलींनी ती इमारत वाचवली. ज्याची जागा वापरात असते, तो निदान गळके छप्पर तरी शाकारून घेतो. जी चर्चे कोणाच्याच उपयोगाची राहिली नाहीत, त्यांचे दगड शेजारच्यांच्या घरांच्या जोत्यांत गेले. आपल्याकडच्या पडक्या गढ्यांचे आणि वाड्यांचे तेच झाले आहे, त्यासाठी हॉलंडला जावे लागत नाही.

शेवटी एका पुस्तक कंपनीने ही जागा दुकानासाठी घेण्याचे ठरविले. पण पहिलीच अडचण जागेची. कंपनीला १,२०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे तेरा हजार चौरस फूट, विक्रीची जागा हवी होती. चर्चची जमीन भरली अवघी ७५० चौरस मीटर, म्हणजे आठ हजार चौरस फुटांच्या आसपास. साध्या कंत्राटदाराने काय केले असते? मधोमध एक स्लॅब टाकला असता, वर एक मजला, खाली एक मजला, काम संपले. जागा मिळाली असती, पण चर्च संपले असते. कारण त्या वास्तूचा सारा प्राण तिच्या उंचीत आहे. आत पाऊल टाकताच मान आपोआप वर जावी, याचसाठी ती बांधलेली. मधे स्लॅब आला की वरच्याला खांब नाहीत आणि खालच्याला आभाळ नाही.

मर्क्स आणि गिरोड या वास्तुशिल्पकारांनी निराळी तोड काढली. त्यांनी सभामंडपासारख्या मधल्या दालनात काळ्या पोलादाचे एक प्रचंड कपाट उभे केले. कपाटच म्हणावयाचे, पण एवढे मोठे की त्याच्या आतून जिने आहेत आणि माणसे त्यात मजल्यामजल्याने हिंडतात. ते उभे केले एकाच बाजूला, खांबांच्या रांगेलगत. दुसरी बाजू मोकळी ठेवली, तेथे नुसती बुटकी टेबले मांडून त्यांवर पुस्तके लावली. त्यामुळे दारातून आत आलेल्या माणसाला चर्चची पूर्ण उंची आणि लांबी अजूनही एका नजरेत दिसते. आणि जो त्या कपाटाच्या वरच्या मजल्यावर जातो, त्याला छतावरची १६१९ सालची चित्रे जवळून पाहावयास मिळतात. सातशे वर्षांत सामान्य माणूस तेवढ्या उंचीवर कधी गेला नसेल. हे कपाट म्हणजे इमारतीत ठेवलेली एक वस्तू आहे. उद्या दुकान उठले तर ते सुटे करून बाहेर काढता येईल आणि चर्च होते तसे उभे राहील. १३३७ सालचे ते भिंतीवरचे चित्र पार फिकट झाले आहे, तरी कोणी त्यावर नवा रंग चढविला नाही.

दुकान २००६ साली उघडले. दुसऱ्याच वर्षी या कामाला हॉलंडमधील आतील सजावटीचे एक मानाचे पारितोषिक मिळाले, आणि २००८ मध्ये इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने जगातील सुंदर पुस्तकांच्या दुकानांत त्याला पहिल्या स्थानी बसविले. तेव्हापासून पुस्तक घेणारे आणि नुसते पाहणारे अशी दोन्ही प्रकारची गर्दी तेथे असते. जेथे पूर्वी वेदी होती त्या अर्धगोल भागात आता कॉफी मिळते, आणि तेथे एक लांबलचक टेबल ठेवले आहे ते क्रुसाच्या आकाराचे. हे टेबल मात्र थोडे अंगावर येते. जुन्याचा मान राखावयाचा असेल तर त्याची आठवण कपबशीखाली मांडण्याची गरज नव्हती. असो. आवड ज्याची त्याची.

या दुकानाच्या गोष्टीचा उत्तरार्ध देणगीदार मंडळींनी मुद्दाम ऐकावा. २०१२ साली मूळ कंपनी बुडाली. दुकान दुसऱ्या कंपनीकडे गेले, तिचे नाव पोलारे. तीही २०१४ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली. म्हणजे एवढे नावाजलेले दुकान आठ वर्षांत दोन वेळा बंद पडण्याच्या बेतास आले. तेव्हा तेथील व्यवस्थापक आणि नोकरवर्गाने लोकांना आवाहन केले. वाचकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घातले, आणि त्याच वर्षी दुकान कोणत्याही मोठ्या कंपनीच्या साखळीत न राहता स्वतंत्रपणे पुन्हा उभे राहिले. नावही मूळ मठाचेच ठेवले, डोमिनिकनांचे पुस्तकालय. बांधकामासाठी पैसा उभा करणे एक, आणि बांधून झाल्यावर दरसाल दिवाबत्ती, सफाई, गळती, नोकरांचा पगार यांसाठी पैसा उभा करणे हे दुसरे. पहिल्यासाठी पाट्या लागतात, नावे कोरली जातात, हार घातले जातात. दुसऱ्याची पावतीसुद्धा कोणी जपून ठेवत नाही. मास्ट्रिख्टच्या लोकांनी दुसऱ्यासाठी हात सैल केला, म्हणून ते दुकान आज दिसते.

त्याच गावात आणखी दोन वास्तू आहेत. क्रुसपंथी साधूंचा पंधराव्या शतकातील मठ २००५ साली हॉटेल म्हणून उघडला. साधूंच्या जागी आता पाहुणे उतरतात आणि चर्चच्या भागात नावनोंदणी होते. दुसरी वास्तू फ्रान्सिस्कन साधूंचे जुने चर्च. त्यात एकोणिसाव्या शतकात सरकारी अभिलेखागार आले, म्हणजे जुन्या दप्तरांचा संग्रह. जन्ममृत्यूची पुस्तके, खरेदीखते, नकाशे, ठराव, सगळे त्या कमानींखाली. दप्तराला थंड, कोरडी आणि शांत जागा लागते, व जाड दगडी भिंतींत ती आपसूक मिळते. चर्चच्या नव्या उपयोगांत याच्याइतका शोभणारा उपयोग क्वचितच सापडेल.

हॉलंडच्याच झ्वोल या गावी २०१३ साली आणखी एका जुन्या डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान निघाले. तेथेही तोच नियम पाळला. मजले बाजूच्या दालनांत बसविले, मधला भाग मोकळा ठेवला, आणि जे बसविले ते पुन्हा काढता येईल असे बसविले. स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस या थंडगार गावातील लीकीज हे जुन्या पुस्तकांचे दुकान मात्र मोठ्या खर्चाचे प्रकरण नव्हे. अठराव्या शतकातील एका चर्चमध्ये ते १९९४ पासून आहे. गॅलरीपर्यंत पुस्तकांचे ढीग, गोल जिना, आणि मधोमध लाकडे जाळण्याची भली मोठी लोखंडी शेगडी. कोणा मोठ्या वास्तुशिल्पकाराचे नाव त्याला नाही. पुस्तक हातात घेऊन माणूस शेगडीजवळ उभा राहतो, एवढेच त्याचे वैभव.

आता कोणी विचारील, की जेथे देवाची पूजा झाली तेथे दुकान मांडताना त्या लोकांना काहीच वाटत नाही काय? वाटते, आणि त्यासाठी त्यांच्यात रीतसर विधी व कायदा आहे. आपल्याकडे मूर्ती जागेवरून हलविण्यापूर्वी तिच्यातील देवत्व मंत्रपूर्वक कलशात घेतात, मगच मूर्तीला हात लावतात. या मांडवातील प्रत्येकाला ते ठाऊक आहे. रोमन कॅथलिक पंथातही चर्च नुसते कुलूप लावून विकता येत नाही. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेतील १२२२ व्या कलमाप्रमाणे, जे चर्च पूजेच्या उपयोगाचे राहिले नाही आणि दुरुस्तही होण्यासारखे नाही, ते बिशप लौकिक कामासाठी मोकळे करू शकतो. मात्र ते काम हलके असता कामा नये, अशी अट त्याच कलमात घातली आहे. हलके म्हणजे काय, यावर अर्थातच वाद होतात. २०१८ च्या नोव्हेंबरात रोममध्ये याच विषयावर मोठी परिषद भरली आणि मार्गदर्शक सूचना ठरल्या. प्रश्न केवढा मोठा झाला आहे हे त्यावरून कळावे.

इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चने हेच काम कायद्याने बांधून घेतले. १९६८ च्या कायद्यान्वये वापरात नसलेल्या चर्चसाठी काही काळ वाट पाहण्याची मुदत ठरली. त्या मुदतीत योग्य नवा उपयोग शोधावयाचा. योजना तयार झाली की ती जाहीर करावयाची, हरकती मागवावयाच्या, आलेल्या हरकती विचारात घ्यावयाच्या. विकताना करारात अटी घालावयाच्या, की अमुक उपयोग चालेल, तमुक चालणार नाही. बाप्तिस्म्याचे पात्र, वेदीचे टेबल, चांदीची भांडी यांचे काय करावयाचे ते बिशपने सांगावयाचे. चावडीवर नोटीस लावणे, हरकतीची मुदत, निकाल, हे सारे आपल्याकडच्या माणसाला किती ओळखीचे वाटते! आणि ज्या चर्चला नवा उपयोग मिळत नाही पण जे पाडणे पाप ठरेल, त्यांच्यासाठी १९६९ साली एक निधी स्थापन झाला. आज त्याचे नाव चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट आहे, आणि साडेतीनशेहून अधिक जुनी चर्चे त्याच्या ताब्यात, लोकांना पाहण्यासाठी खुली आहेत.

एवढे असूनही सगळीकडे चांगलेच झाले असे नाही. कित्येक चर्चचे गाळे पाडून राहती घरे केली. त्यांत एका उभ्या रंगीत काचेच्या खिडकीला मधेच जमीन येऊन भिडते, म्हणजे संताचे डोके एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात आणि पाय खालच्याच्या स्वयंपाकघरात! आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील सेंट मेरीज या तीनशे वर्षांच्या चर्चमध्ये तर १९६४ साली प्रार्थना बंद झाली आणि २००५ पासून मद्यालय आहे. ज्याच्या नावाचे काळे बियर जगभर विकले जाते त्या आर्थर गिनेसचे लग्न १७६१ साली याच चर्चमध्ये लागले होते, असे तेथे कौतुकाने सांगतात. छप्पर वाचले, वाद्याच्या नळ्या वाचल्या, दुरुस्ती उत्तम झाली, हे मान्य. तरी वारकऱ्यांच्या गावात ही गोष्ट सांगताना जीभ अडखळते. ज्यांची पिढ्यान्पिढ्यांची लग्ने, नामकरणे आणि अंत्यविधी तेथे झाले, त्यांना काय वाटत असेल हा प्रश्न उरतोच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाची उदाहरणे आपल्या देशबांधवांची आहेत. इंग्लंडात गेलेल्या भारतीयांजवळ सुरुवातीला शिखराचे देऊळ बांधण्याइतका पैसा कोठून असणार? लंडनच्या इझलिंग्टन भागात बंद पडलेले एक चर्च स्वामीनारायण संप्रदायाच्या मंडळींनी घेतले आणि १९७० साली योगीजी महाराजांच्या हस्ते तेथे मंदिर सुरू झाले. बारा वर्षे तेथे आरती झाली. १९८२ मध्ये ते नीसडन भागात हलले आणि १९९५ साली तेथे संगमरवराचे भव्य मंदिर उभे राहिले, ज्याचे फोटो पुष्कळांनी कॅलेंडरवर पाहिले असतील. लेस्टर शहरात जैन समाजाने एक जुने चर्च घेतले. त्याच्या दर्शनी भागाला पांढरा संगमरवर लावला, आत कोरीव खांब उभे केले, आणि १९८८ साली मूर्तींची प्रतिष्ठा केली. तेथील एक गोष्ट मोठी समजदारीची वाटते. चर्चमध्ये रंगीत काचेच्या खिडक्यांवर येशूच्या जीवनातील प्रसंग असतात, तो रिवाज त्यांनी ठेवला, पण प्रसंग घेतले भगवान महावीरांच्या चरित्रातले. घर दुसऱ्याचे होते, हे झाकण्याचा खटाटोप केला नाही.

गोव्यात जुन्या गोव्याला गेलेल्यांनी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च पाहिले असेल. त्याला लागून असलेल्या साधूंच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. त्यात ख्रिस्ती चित्रे आहेत तशाच कदंबकाळातील मूर्ती आणि वीरगळही आहेत. मठाच्या ओवऱ्यांत वीरगळ उभे आहेत हे पाहून पुष्कळांना नवल वाटते.

महाराष्ट्रात मात्र चर्चची इमारत नव्या कामाला लागण्याऐवजी चर्चचा एक अवयवच देवळात येऊन राहिला, आणि तोही शतकांपूर्वी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. किल्ल्यातील चर्चे ओस पडली. आज त्यांच्या उंच भिंती आणि कमानी उभ्या आहेत, छपरे नाहीत. पण त्यांच्या घंटा वाया गेल्या नाहीत. त्या मराठी सरदारांनी हत्तीघोड्यांबरोबर घाटावर आणल्या आणि देवांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी प्रसिद्ध घंटा आहे, ती यांतलीच. देऊळ १७४७ चे, घंटेवर साल आहे १७२१. भीमाशंकरला जाणारे यात्रेकरू देवळासमोर जी घंटा पाहतात तिच्यावर १७२९ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर तशीच एक घंटा टांगलेली आहे, पंचधातूची, सुमारे साडेसहाशे किलो वजनाची.

तोफा ओतण्यासाठी त्या काळी धातूची किती ओढ होती हे इतिहास वाचणारांना ठाऊक आहे. एवढी घंटा वितळवली असती तर कोणी हिशेब विचारला नसता. निदान तिच्यावरची परधर्माची खूण कानशीने घासून काढणे तर सहज शक्य होते. हल्ली जुन्या पायरीवर शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दात्याचे नाव असते आणि तिच्यावर नवी चकचकीत फरशी बसते, तसे. पण मेणवलीच्या घंटेला कोणी कानस लावली नाही. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे, आणि त्याबरोबर कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे. शेजारी मेणवलेश्वराचे देऊळ आहे. घाटावर जाणाऱ्या माणसाला आजही मान वर करून दोन्ही पाहता येतात.